हाळीच्या दगडावर रेंज

लोकं म्हनत्यात, मी जन्माचा बडबड्या. ते खोटं न्हाई, पन पुरतं खरं बी न्हाई. अलीकडची निम्मी बडबड मी दम खायला करत व्हतो.

आमचं गाव आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. हितं सपाट जागा म्हंजी घराचा उंबरा तेवढा, बाकी समदा उतार. भात लावायचं तर उतार फोडावा लागतो, खालच्या अंगाला दगडाचा ताल रचावा लागतो, माती वढून सारखी करावी लागती, तवा कुठं एक खाचर व्हतं. हे एकट्याच्या बापाचं काम न्हाई. म्हनून आमच्यात पडकई असती. उन्हाळ्यात घरटी एक मानूस यायचं, आज ह्याच्या उतारावर, उद्या त्याच्या. मजुरी न्हाई, हजेरी न्हाई. दिवसाला दिवस. तुमी माझ्याकडं एक दिवस राबला की मी तुमच्याकडं एक दिवस राबायचं. ज्याला फेडता येत न्हाई त्यानं बोलवायचं न्हाई. हे कुनी कुनाला शिकवत न्हाई, पन समद्यांना ठावं असतं.

पडकईत मी कामाला कसा, ते इचारू नका. पहार हातात घेतली की मला एखादी गोष्ट आठवायची, आन गोष्ट सांगायची तर पहार खाली ठेवावी लागती. हातवारे कोन करनार? माझी एक गोष्ट तर दर उन्हाळ्याला निघायची. एकदा तिन्हीसांजंला मी घरी चाललो व्हतो, तर वाटंत बांधावर बिबट्या बसलेला. पळावं तर पाय न्हाईत. मंग मी टोपी काढली, हात जोडले आन त्याला घरची परिस्थिती सांगितली. म्हनलो, राव, माझ्या अंगावर काय बी न्हाई, नुसती हाडं हायेत, दातात अडकतील. वरच्या आळीला चांगली धष्टपुष्ट मानसं हायेत, पत्ता देतो. एकेकाचं नाव सांगितलं, कुनाची पडवी उघडी असती ते बी सांगितलं. तेवढ्यात शेजारची म्हातारी आली, तिनं बिबट्या झटकला, घडी घातली आन खांद्यावर टाकून निघून गेली. घोंगडं वाळत घातलं व्हतं तिनं.

ही गोष्ट समद्यांना पाठ व्हती, तरी म्हातारी आली की लोकं टिकाव सोडून हासायची. ज्यांची नावं मी बिबट्याला दिली व्हती ती बी हासायची. तेवढ्यात मी खाली बसून घ्यायचो.

न हासनारा एकच, माझा जोडीदार. खालच्या घरचा, वयानं मोठा, म्हनून मी त्याला दादा म्हनतो. दगड हलवायला दोघं लागत्यात, एकानं पहार घालायची, एकानं लोटायचं. आमची जोडी वर्सानुवर्सं. दादा इतका कमी बोलतो की त्याची म्हस बी त्याला आवाजावरनं वळखत न्हाई, वासावरनं वळखती. मी गोष्ट सांगत असताना तो माझी बी पहार मारायचा.

मंग एका उन्हाळ्यात गोष्ट सांगून झाली तरी दम परत येईना. उतार चढलो की छातीत कुनीतरी कपडे आपटल्यावानी व्हायचं. रातीला डाव्या कुशीवर झोपलो की खाट वाजायची. मी उजव्या कुशीवर झोपायला लागलो, म्हंजी खाट वाजत न्हाई. माझी अक्कल अशी.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईनं छातीला नळी लावली. परत लावली. मंग दुसऱ्या डॉक्टरला बोलावून त्याला ऐकवलं. मी म्हनलो, बाई, गानं चांगलं लागलंय का? त्यांनी चिठ्ठी दिली. मंचरला गेलो, तिथनं पुन्याला पाठवलं. तिथं छातीवर गार काहीतरी चोपडून टीव्हीवर माझं काळीज दाखवलं. डॉक्टरनं समजावून सांगितलं की काळजातला एक वॉल नीट बसत न्हाई, पुढं गेलेलं रक्त माघारी येतंय. मी म्हनलो, म्हंजी इहिरीतल्या मोटारीचा फुटवॉल गेल्यावानी. मोटार फिरती, पानी परत खाली. डॉक्टर हासला. मानूस हासला की मला वाटतं, काम झालं. मी लई खुशीत भायेर आलो, आन एस्टी राजगुरुनगरच्या पुढं आल्यावर ध्यानात आलं, की बदलताना काय व्हतं, धोका किती, वाचतो का न्हाई, यातलं एक बी इचारलं न्हाई.

पुन्याच्या दवाखान्यातनं निघताना टेबलावरच्या बाईनं मातर समदं इचारलं व्हतं. सरकारी योजनेतनं ऑपरेशन व्हईल, नंबर लागला की फोन येईल, फोन लागला न्हाई तर नंबर पुढच्याला जाईल. दातांच्या डॉक्टरला दाखवून या. आन सोबत राहायला मानूस पायजे, रक्त द्यायला दोघं पायजेत. घरी कोन असतं म्हनून इचारलं. मी म्हनलो, मी आन मांजर. मांजराचं रक्त चालत असंल तर बघा. ती बाई हासली न्हाई. म्हनली, "काका, सोबत मानूस न्हाई तर दाखल करून घेत न्हाईत."

बायको जाऊन बरीच वर्सं झाली. एक पोरगी, ती खोडदला दिलेली. तिला सांगावं म्हनून मी गेलो. खोडदला त्या मोठ्या मोठ्या तबकड्या हायेत, आभाळाकडं तोंड करून. तिथल्या एका मानसानं मला पूर्वी सांगितलं व्हतं की त्या लई लांबच्या ताऱ्यांचा आवाज ऐकत्यात. मी त्यांच्याकडं बघत म्हनलो, बाबांनो, जवळचं काय ऐकायचं असंल तर मी आलोय.

पोरीची सासू अंथरुनाला खिळलेली, पोरगी बाळंत व्हऊन दोन म्हैने न्हाई झाले. तिचे डोळे झोपंनं आत गेलेले. तिनं पोरगं माझ्या मांडीवर दिलं आन चुलीकडं गेली. मी ते छातीशी धरलं. रडत व्हतं ते गप झालं, झोपलंच. पोरगी म्हनली, "बाबा, तुमच्याकडं कसं लगेच झोपलं?" मी म्हनलो, आजाच्या छातीत पाळना हाये. ती हासली. मी च्या प्यालो, भाकरी खाल्ली, आन निघालो. जावयानं फाट्यापर्यंत सोडलं. सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर ती पोर घेऊन आली असती, आन सासूच्या तोंडात पानी कुनी घातलं असतं?

मंग राहिला गाव. आन गावातच गाठ व्हती.

त्या साली पडकईचा पैला मान माझ्या उताराला व्हता. लई वर्सं मी दुसऱ्यांकडं गेलो व्हतो, माझं खाचर मागंच पडत आलं व्हतं. आता समदे माझ्याकडं येनार. मला छातीत कळत व्हतं की मी एक बी दिवस फेडू शकनार न्हाई. जमिनीसाठी न्हाई, रक्तासाठी न्हाई, दवाखान्यात बसायला न्हाई. ज्याच्याकडं परत द्यायला हात न्हाई त्यानं हात मागायचा कसा? माझ्या बापानं पायाला जखम झाली त्या साली आमचा उतार तसाच ठेवला, पन कुनाला हाक मारली न्हाई. मी त्याच्यासारखा राबलो न्हाई, पन तेवढी एक गोष्ट मातर त्याची घेतली. घ्यायची व्हती ती पहार, आन घेतला ताठा.

वडाखाली समदे ठरवायला बसले तवा मी उठून सांगितलं, की माझं राहू द्या, मी पडकईतनं निघालो. मला पुन्यात वॉचमनची नोकरी लागतीय, फोन यायचा हाये. इतक्या दिवसांची गोष्ट सांगायची सवय, त्यामुळं वॉचमनचा ड्रेस, शिट्टी, खुर्ची समदं रंगवून सांगितलं. कुनी हासलं न्हाई. एकजन म्हनला, "साहेबाला आता माती लागायची न्हाई." दादा खाली बघून काडीनं जमीन उकरत व्हता. माझा मान दादाच्या उताराला दिला.

आता खरी गंमत ऐका. आमच्या गावात फोनला रेंज नसती. एकच जागा हाये, दादाच्या उताराच्या वर एक मोठा दगड हाये, तिथं. त्यो हाळीचा दगड. पडकईच्या दिवशी सकाळी तिथं उभं राहून हाळी देत्यात, म्हंजी समद्या वाड्यांना ऐकू जातं. डोंगर असा वळलाय की तिथं कुजबुजलं तरी खाली पोचतं. आन पुन्याचा फोन घ्यायचा तर मला त्याच दगडावर बसायला पायजे, कारन फोन चुकला तर नंबर गेला.

म्हनून रोज सकाळी भाकरी बांधून मी दगडावर. खाली समदा गाव उन्हात टिकाव मारतोय, आन वर मी, हातात फोन घेऊन, पाय सोडून बसलोय. येताजाता मी त्यांच्यातनंच जायचो, वाट तीच. पैल्या दिवशी टोमने आले. "वॉचमन, आमच्यावर ध्यान ठेव बरं का." "साहेब, सावली पुरती का?" मी बी उलट टोमना मारला. पुढं पुढं टोमने बी बंद झाले. मी आलो की त्यांचं बोलनं थांबायचं, मी गेलो की सुरू व्हायचं. टोमना मारत्यात तवर मानूस आपला असतो, हे मला त्या दगडावर कळलं.

वर बसून करायचं काय? भ्या वाटायला लागलं की मी मनातल्या मनात स्वतःला गोष्ट सांगायचो. बिबट्याची सांगितली, म्हातारी आली, पन हासायला कुनी न्हाई. आपलीच गोष्ट आपल्याला सांगनं म्हंजी आपल्याच हातानं पाठ खाजवनं, पायजे तिथं पोचत न्हाई. मंग मी वॉलचा इचार करायचो. आत्ता रक्त पुढं गेलं, आत्ता माघारी आलं. इचार केला की धडधड वाढायची. ध्यान खाली न्यायचो. दादा एकटाच पहार मारत व्हता. माझ्या जागी दुसरं कुनी घेतलं नव्हतं. पहार घालायचा, मंग पलीकडं जाऊन सवताच लोटायचा, परत अलीकडं यायचा. एका दगडाला दोन मानसांची चाल एकटाच चालत व्हता.

त्यात पान्याची गोळी. छातीत पानी साचू नये म्हनून डॉक्टरनं दिलेली. ती घेतली की दर घटकंला झाडामागं जावं लागायचं. खालनं दिसायचं की वॉचमन सारखा झाडामागं जातोय. गावात म्हनं अशी बी बोलवा झाली की मी वर चोरून दारू पितोय. मला लई आनंद झाला. दारूड्याची कुनी कीव तरी करतं.

घरी आलो की मी मरायची तयारी करायचो. एकदा समदी भांडी घासून पालथी घातली, कपडे घडी करून ठेवले, कोंबडी शेजारी दिली. दुसऱ्या दिवशी कोंबडी माघारी आली आन मला भाकरीला तवा पायजे झाला, म्हनून भांडी परत सुलटी केली. मरनाची तयारी करून मानूस जिता राहिला की घरात लई पसारा व्हतो. मांजराला मी समदं सांगितलं. ते ऐकून घेतं, पन मधी उठून जातं.

दातांसाठी मंचरला गेलो. ते डॉक्टर म्हनले, किडलेल्या दातातली घान रक्तातनं जाऊन नव्या वॉलवर बसती, म्हनून किडके दात आदी काढायचे. पुढचे तीन काढले. काळीज बिघडलं म्हनून मानसाचे दात काढल्याली गोष्ट मीच सांगितली असती तर कुनी खरी मानली नसती. तोंडात कापूस घालून मी बाजारात कांद्याच्या लिलावापाशी जाऊन बसलो. घरी जावंसं वाटंना. आडते भाव पुकारत व्हते, गोन्यांवर गोन्या, हमाल मला म्हनत व्हते, भाऊ, जरा सरका. मी सरकायचो. कुनी सरका म्हननारं तरी व्हतं. दुपार व्हईस्तोवर मी तिथं सरकत बसलो.

दुसऱ्या दिवशी सुजलेलं तोंड घेऊन दगडावर. खाली कुनीतरी म्हनलं, पिऊन पडला वाटतं. मी उलट टोमना मारायला गेलो. पन दातांच्या फटीतनं नुसता वारा येत व्हता. दादानं पहार थांबवली, मान वर करून माझ्याकडं लई येळ बघितलं, परत खाली वाकला.

फोन त्याच दुपारी आला.

तीच टेबलावरची बाई. रेंज एकच दांडी, तिचा आवाज तुटक येत व्हता, माझा तिला जात नव्हता. ती म्हनायची, मोठ्यानं बोला काका. मी उठून उभा राहिलो, तोंडाला हात लावला आन बोललो, म्हंजी वरडलोच. मीच बोलतोय म्हनलो. काळजाच्या वॉलचं, हां, तेच ऑपरेशन म्हनलो. दात काढले म्हनलो. परवा सकाळी येतो म्हनलो. तिनं इचारलं, सोबत कोन हाये. मी खाली दादाकडं बघितलं. तिला वाटलं ऐकू आलं न्हाई, तिनं परत इचारलं, रक्त कोन देनार, सोबत कोन राहनार. मंग मी पोटातनं जोर लावून सांगितलं:

"कुनी न्हाई ओ बाई. एकटाच हाये मी. एकटा."

फोन तुटला. आन मला ऐकू आलं की खाली काय बी ऐकू येत न्हाई. टिकाव न्हाई, फावडं न्हाई. पिढ्यानपिढ्या ज्या दगडावरनं हाळी देत्यात, तिथं हाळीच्याच जागी उभं राहून, तोंडाला हात लावून मी माझं गुपित समद्या वाड्यांना सांगितलं व्हतं. इतके दिवस लपवलं ते असं. मी वर बघितलं, पळायला दुसरी वाट हाये का. डोंगर उभा व्हता, आन मला चढ चढायचा नव्हता. म्हनून खाली आलो.

समदे उभे व्हते, हातात हत्यारं तशीच. मी जवळ गेल्यावर त्यांनी हासावं म्हनून कायतरी बोललो, काय ते आठवत न्हाई. फटीतनं वारा गेला. दादानं पहार तालाला टेकवली. माझ्याकडं बघितलं.

"तिथं वॉचमनचा ड्रेस देत्यात का?" म्हनला.

मागं कुनीतरी फिसकन हासलं आन लगेच थांबलं. मंग मी सरळच सांगितलं.

"दादा, मला फेडता यायचं न्हाई. ऑपरेशन झालं तरी लई महिने जड उचलायचं न्हाई म्हनत्यात. पहार तर धरायचीच न्हाई."

"तू आदी कवा धरली व्हतीस?" दादा म्हनला.

आता समदे हासले. दादा मातर हासला न्हाई. "इतकी वर्सं तुझा दिवस आमी हिशेबात धरत आलो," म्हनला. "पहारीचा धरला व्हता व्हय गाढवा?"

एवढं बोलून त्यानं पहार उचलली. त्याला वाटलं आसंल, वर्साचं बोलनं खरचलं. बाकीच्यांनी तिथंच, खाचरातच बसून ठरवलं, जसं उताराचं ठरवत्यात तसं. घरटी एक मानूस, एका दिवसाला एक घर. पैला दिवस दादाच्या घरचा. रक्ताला दादा आन वरच्या आळीचा एक, ज्याची पडवी उघडी असती म्हनून मी बिबट्याला सांगितलं व्हतं त्यो. त्यो म्हनला, बिबट्याच्या तावडीत दिलं व्हतंस, आता सुईच्या दे. मी मधी उभा. माझ्याबद्दल बोलत व्हते, पन मला कुनी इचारत नव्हतं. पडकईत उताराला कुनी इचारत न्हाई.

ठरल्या दिवशी पहाटंच्या गाडीनं निघालो. मला वाटलं व्हतं की सोबत मानूस असला की भ्या निम्मं व्हईल. झालं न्हाई. दादा शेजारी बसलेला, मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी. मंचर गेलं, राजगुरुनगर गेलं. खांद्याला खांदा लागत व्हता, आन छातीतलं मातर माझं एकट्याचं. ते कुनाच्या वाट्याला जात न्हाई, दिवसाला दिवस म्हनून बी न्हाई.

दवाखान्यात छातीवरचे केस काढले. मागं उघडा असलेला हिरवा झगा दिला. मी घालून बघितला, आन एरवी त्या झग्यावर मी आठवडाभर गाव हासवलं असतं. पन तोंडातनं एक शबुद निघंना. ट्रॉलीवर आडवा झालो. दादा बाकावरनं उठून जवळ आला. माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याला कळलं आसंल की मी गप हाये, आन मी गप असनं ठीक न्हाई. त्यानं घसा साफ केला. जोडीच्या इतक्या वर्सांत त्यानं कवा गोष्ट सांगितली नव्हती.

"एकदा," म्हनला, "ह्यो तिन्हीसांजंला घरी चालला व्हता. आन वाटंत बांधावर एक घोंगडं बसलेलं."

आन थांबला. त्याच्या ध्यानात आलं. चेहरा असा झाला, जसा दगड सुटून पायावर आल्यावर व्हतो. ट्रॉलीवाल्यानं ढकलायला सुरवात केली. दादा बाजूनं चालत आला, गोष्ट परत जाग्यावर कशी न्यायची ते शोधत. "म्हंजी, तवा ते घोंगडं नव्हतं," म्हनला. मंग म्हनला, "व्हतं, पन ह्याला..." दारापाशी त्याला थांबवलं. दार बंद झालं.

मी हासत व्हतो. एकटाच, फटीतनं वारा सोडत, छाती धरून. आतल्या नर्सबाईनं तोंडाला कापड बांधलं व्हतं, नुसते डोळे दिसत व्हते. तिनं इचारलं, काय झालं काका, भीती वाटती का.

उत्तर तयार व्हतं माझं, बिबट्याचं, मांजराचं, वॉचमनचं, पायजे ते.

"वाटती," म्हनलो. "लई वाटती."